अनंताच्या पानांना तेल

"माझ्या फांदीला पण लावलंत? आणि खालून?" ओवीचा आवाज चिरकला होता. "वरून लावलं असतं तरी चाललं असतं, आजोबा. खालून कशाला?"

"धूळ काय फक्त वरून बसते?" विष्णुपंतांनी खोबरेल तेलाची बाटली टीपॉयवर ठेवली आणि कापसाचा बोळा तिच्या बुचावर. "दोन महिने समोरची बिल्डिंग पाडतायत. पानं कशी झाली होती बघितलंस ना? आता बघ. तोंड दिसेल त्यात."

"मला तोंड नाही बघायचं, मला शाळेच्या प्रोजेक्टसाठी रीडिंग पाहिजे. पाच दिवसांचं काम गेलं माझं. आता मॅडमना काय सांगू? आमच्या झाडाला छिद्रंच नाहीत?"

"सांग की आजोबांनी झाडाला मालीश केलं," स्वयंपाकघरातून माधवी म्हणाली. ओवीची आई अशा वेळी बाहेर येत नसे, आतूनच बोलायची. "परवा फ्रीजच्या रबराला पण लावलं होतं."

"मग? फ्रीजचं दार आता नीट लागतं की नाही?"

"लागतं, बाबा. उघडत नाही."

देवदत्त मोबाईलमधून डोकं वर काढून हसला. "ओवी, दुसरं झाड घे ना यार. खाली सोसायटीत एवढी आहेत."

"पप्पा, सेम झाड लागतं. सेम फांदी. सकाळ, दुपार, संध्याकाळ. नाहीतर कंपेअर कसं करणार?" ओवी गॅलरीच्या दारात उभी राहिली. कुंडीतला अनंत खरोखरच लखलखत होता, लग्नाला निघालेल्या माणसासारखा. पण खालची सात-आठ पानं पिवळी होऊन लोंबत होती आणि तितकीच कुंडीच्या ताटलीत पडली होती. "आणि तसंही हे मरतंयच. दोन महिने झाले तुम्ही दर रविवारी चोळताय, आणि दोन महिने हे मरतंय."

माधवीच्या हातातली पळी थांबली. या घरात 'मरणं' हा शब्द त्या कुंडीजवळ कोणी उच्चारत नसे. अनंत किर्तीचा, विष्णुपंतांच्या मुलीचा होता. ओवीची आत्या गेली तेव्हा ओवी सहा वर्षांची होती. आता ती चौदाची. तिला हा नियम माहीत होता, पण रागात विसरली.

मालिनीबाई जेवणाच्या टेबलाशी गवार मोडत बसल्या होत्या. एवढा वेळ त्यांनी मान वर केली नव्हती. आता शेंगेचं टोक मोडून त्यांनी ते वाटीत टाकलं आणि दुसरी शेंग घेतली. नात चूक बोलली नव्हती आणि नवरा चुकत होता, हे त्यांना ठाऊक होतं. आज नव्हे, दोन महिन्यांपासून. अंबरनाथ पूर्वेच्या त्या सगळ्या सोसायटीत पानाच्या पाठीवर काय असतं हे जर एका माणसाला नेमकं माहीत असेल, तर ते मालिनीबाईंना.

एकतीस वर्षं त्यांनी उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळली. माहेर बदलापूरचं, कुळगावातलं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला लग्न झालं आणि पदवी राहून गेली, म्हणून त्या कधी शिक्षिका झाल्या नाहीत. शिकवायच्या बाई दुसऱ्या, पान सोलायच्या मालिनीबाई. वर्गात 'पर्णरंध्रे' हा धडा निघाला की आदल्या दिवशी त्या पानं आणत, पाठीवर पारदर्शक नेलपेंटचा पातळ हात देत, वाळलं की वर चिकटपट्टी दाबून ती एका दमात ओढून काढत. पानाच्या पाठीचा ठसा पट्टीवर जसाच्या तसा येई. मग तो काचेवर, काच मायक्रोस्कोपखाली. शिकवणाऱ्या बाई कधीकधी चुकीचं सांगत. रंध्रं रात्री उघडतात आणि दिवसा मिटतात, असं एकीने तीन वर्षं बिनदिक्कत सांगितलं. मालिनीबाई मागे उभ्या राहून काचा पुसत. बोलल्या नाहीत. मधल्या सुट्टीत मात्र एखादी चुणचुणीत मुलगी गाठून तिला नळीतून बघायला लावत आणि खरं काय ते हळूच सांगून टाकत. सरळ तोंडावर न बोलणं आणि मागून सांगणं ही त्यांची नोकरीतली सवय. घरात मात्र मागूनही सांगायचं राहून गेलं.

निवृत्त झाल्यावर शाळेने भंगारात काढलेला एक मायक्रोस्कोप त्यांना दिला. तोच गेल्या रविवारी ओवीसाठी कपाटावरून खाली आला. त्याआधी दोन दिवस त्या कॅम्प चारला जाऊन त्याचा बल्ब घेऊन आल्या होत्या. ओवीने पहिल्यांदा नळीला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"आजी, ओठ आहेत हे. शेकडो ओठ."

"ओठ नव्हेत, दोन दोन पेशी आहेत. घेवड्याचे दोन दाणे समोरासमोर ठेवल्यासारख्या. मधली फट म्हणजे रंध्र. या दोघी तिच्या राखणदार, रक्षकपेशी."

"त्या उघडतात कशा? दोरी कोण ओढतं?"

"पाणी. पाणी भरलं की फुगतात. आतली भिंत जाड, बाहेरची पातळ, म्हणून सरळ फुगता येत नाही, धनुकलीसारख्या वाकतात आणि मध्ये फट पडते. पाणी ओसरलं की मऊ पडून एकमेकींना टेकतात. मिटलं."

"मग उघडंच ठेवायचं ना कायम. हवा येत राहील."

"आणि पाणी जात राहील. ज्या फटीतून हवा आत येते त्याच फटीतून पाण्याची वाफ बाहेर जाते. वेगळी दारं नाहीत. भर दुपारी उघडं ठेवलं तर पान तहानेनं सुकेल, म्हणून मिटून घेतं. पण मिटून बसलं तर कार्बन डायऑक्साइड आत येणार नाही, अन्न बनणार नाही, उपाशी राहील. दिवसभर हेच. किती उघडायचं, किती वेळ, कधी मिटायचं."

"डोकं नसताना ठरवतं?"

"डोकं नसताना," मालिनीबाई म्हणाल्या, "म्हणून नीट ठरवतं."

ओवी हसली होती. मालिनीबाईंना मात्र हसू आलं नव्हतं. तो बल्ब आणल्यापासून त्यांच्या मनाला स्वस्थता नव्हती.

कॅम्प चारच्या बाजारात मिळणार नाही अशी वस्तू नाही. जुन्या मायक्रोस्कोपचा बल्बही मिळेल, या खात्रीने त्या एका सिंधी माणसाच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात शिरल्या होत्या. शेटने बल्ब उलटसुलट केला. "बाजू में दिखाओ, काकी. वो बैठा है ना, बाळाजी, उसके पास सब पुराना माल रहता है." दुकानाच्या बाहेर, जिन्याखाली, एका फळीवर मिक्सरची भांडी आणि उघड्या मोटरी मांडून एक माणूस बसला होता. त्याने मान वर केली. केस पार पांढरे झाले होते, तरी मालिनीबाईंनी त्याला ओळखलं. त्यानेही.

तो उठला. स्टूल पंच्याने पुसलं. "बसा, काकू."

त्या बसल्या. बाळाजीने डब्यात हात घालून चार बल्ब काढले, एकेक होल्डरला लावून बघितला, तिसरा पेटला. तो कागदात गुंडाळून त्याने त्यांच्या हातात दिला. हात मात्र लगेच मागे घेतला नाही.

"एक विचारू? विचारणार नव्हतो कधी. पण आता तुम्ही आलाच आहात समोर." त्याने आवाज खाली आणला. "ती बाथरूमची खिडकी, उघडीच होती ना?"

"ह्यांनी सांगितलं होतं ना तेव्हा," मालिनीबाई म्हणाल्या.

"हो. सांगितलं. पंचनाम्यात पण तेच आहे." तो परत फळीमागे बसला. "म्हणूनच. खिडकी उघडी, म्हणजे चूक माझीच. मी तुम्हाला म्हटलं होतं, गॅसचा गिझर आहे, गॅलरीत बसवू. तुम्ही म्हणालात आतच बसवा, मी ऐकलं. ऐकायला नको होतं, ते माझ्यावर आहेच. पण बर्नर मी तीनदा बघितला होता, काकू. ज्योत निळी होती. अजून कधी मोकळा बसलो की मनातल्या मनात तो गिझर खोलतो. एकेक स्क्रू. कुठे चुकलं ते सापडत नाही. सापडलं असतं तर बरं झालं असतं."

"आता मिक्सरच दुरुस्त करता?"

"गॅसच्या कामाला कोण बोलावणार? दोन दिवस चौकीत बसवलं होतं. केस झाली नाही, पण नाव तर झालं ना. शटर खाली आलं." त्याने एका मोटरवरची धूळ फुंकली. "त्याचंही काही नाही. आमची तेजस्वी, तुमच्याच शाळेतली, इथेच मागच्या गल्लीत दिलीय. तिच्या घरची शेगडी बिघडली की ती दुसरा माणूस बोलावते. मला म्हणते, बाबा, तुम्ही चहा घ्या. बोलत काही नाही. शेगडीला हात मात्र लावू देत नाही."

मालिनीबाईंनी बल्ब पिशवीत टाकला आणि "येते" म्हणून उठल्या. रिक्षात बसल्यावर त्यांना कळलं, की आपण त्याच्या प्रश्नाला उत्तर दिलेलंच नाही. नवऱ्याने दिलेलं उत्तर फक्त पुन्हा त्याच्या हातात ठेवलं.

खरं उत्तर असं होतं, की खिडकी बंद होती. आणि ती त्यांनी बंद केली होती.

अंबरनाथची माणसं नाकाने जगतात. संध्याकाळी वारा फिरला की कोणत्या दिशेने काय येतंय हे पोरंसुद्धा सांगतात: हा सडक्या अंड्याचा, हा जळक्या रबराचा, हा डोळ्यांना झोंबणारा, हा नुसता नाल्याचा. वास आला की खिडक्या लावायच्या, वास गेला की उघडायच्या. हा इथला धर्मच. विष्णुपंत तर तेव्हा एका केमिकल कंपनीत सेफ्टीचे अधिकारी. चिमणीतून काय निघतं आणि वाऱ्याबरोबर कुठे जातं, हे त्यांचं रोजचं काम. आठ वर्षांपूर्वीच्या त्या डिसेंबरात नाल्याचा वास बाथरूमच्या खिडकीतून घरभर पसरू लागला. काचेच्या सात आडव्या पट्ट्यांची खिडकी, मिटली तरी फटी राहणारी. किर्तीची छाती भरून यायची. चोवीस वर्षांची मुलगी उशी उभी करून बसून झोपायची. मालिनीबाईंनी एका दुपारी जाड प्लास्टिक कापलं, खिडकीच्या चौकटीवर ताणून बसवलं आणि चारी कडांनी ब्राउन टेप मारली. देवदत्त-माधवीची बाथरूम वेगळी, ती दोघं इकडे येत नसत. शाळेत पट्टी दाबत तशी, अंगठ्याने, एकही बुडबुडा न ठेवता. बाळाजीने गिझर बसवताना भिंतीच्या फरशीवर मार्करने लिहिलं होतं, 'खिडकी उघडी ठेवणे'. ते त्यांनी पहिल्याच आठवड्यात घासून पुसलं होतं. पाहुण्यांसमोर ते बरं दिसत नव्हतं.

संध्याकाळी विष्णुपंत कामावरून आले, बाथरूममध्ये गेले, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "बरं केलंस. आता वास नाही."

वास नाही. दोघांना तेवढं पुरलं. कोंडलेल्या जागेत गॅसची ज्योत जळत राहिली की त्यातून एक असा वायू तयार होतो ज्याला वास नाही, रंग नाही. हे एकाने कारखान्यात शेकडो कामगारांना फळ्यावर लिहून शिकवलं होतं. आणि हवा आत-बाहेर झाल्याशिवाय काहीच जगत नाही, हे दुसरीने एकतीस वर्षं काचेवर मांडून दाखवलं होतं. पण ती माहिती कंपनीची आणि शाळेची होती. घरात नाक होतं.

चौथ्या दिवशी रविवार होता. साडेअकराला किर्ती केस धुवायला गेली. मालिनीबाई थालीपिठं थापत होत्या. पाणी बराच वेळ पडत होतं. "किर्ती, आवर ग, सिलिंडर संपेल," त्या ओरडल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "ऐकू येतंय का, गॅस संपेल." तिसऱ्यांदा दारावर थाप मारली. आत पाणी पडतच होतं.

दार विष्णुपंतांनी खांद्याने तोडलं. तिला बाहेर आणलं, हॉलमध्ये आडवं केलं. देवदत्त डॉक्टरांना आणायला धावला. माधवी लहान ओवीला घेऊन शेजारी गेली होती. मालिनीबाई फरशीवर बसल्या होत्या, मांडीवर लेकीचं ओलं डोकं. आणि तेव्हा बाथरूममधून आवाज आला. चर्र, चर्र, चर्र, चर्र. चार कडा, चार वेळा. टेप ओढून काढल्याचा तो आवाज त्यांच्याइतका कोणाला ओळखू येणार. विष्णुपंत बाहेर आले तेव्हा त्यांच्या पायजम्याचा खिसा फुगलेला होता.

"खिडकी उघडी होती?" हवालदाराने विचारलं.

"हो," विष्णुपंत म्हणाले. त्यांनी बायकोकडे पाहिलंही नाही. आईने मुलीला कोंडलं असं कोणी म्हणू नये, म्हणून त्यांनी ते काढलं होतं. हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मालिनीबाईंनी कधी विचारलं नाही. आठ वर्षं दोघं एका ताटातलं मीठ वाटून घ्यावं तसं ते गिळत होते.

घर मात्र विसरलं नाही. टेपचा डिंक चौकटीभोवती तसाच राहिला आणि त्यावर धूळ बसून एक करडा चौकोन उमटला. मालिनीबाईंनी रॉकेलने घासला, रंगाऱ्याकडून दोनदा रंग दिला. प्रत्येक पावसाळ्यात भिंतीला ओल आली की तो चौकोन रंगाखालून वर येतो, आधी एक कड, मग चारही. त्या खिडकीच्या सातही पट्ट्या तेव्हापासून कधी मिटल्या नाहीत. थंडीत नाही, नाल्याचा वास आला तरी नाही. विष्णुपंत रोज सकाळी बोट लावून त्या मोजतात. आणि रोज साडेअकराच्या सुमारास मालिनीबाईंना आत पाणी पडल्याचं ऐकू येतं. त्या जाऊन बघतात. नळ बंद असतो, बादली कोरडी असते. आठ वर्षांत त्यांनी कोणाला हे सांगितलेलं नाही. बघून येतात आणि पुढची पोळी लाटतात.

"ओवी, सॉरी म्हण आजोबांना," माधवी आता बाहेर आली होती.

"सॉरी, आजोबा." ओवीने डोळे पुसले. "पण मी एकदा बघते. कदाचित थोडं काही दिसेल." तिने अनंताचं एक चकचकीत पान तोडलं. त्या दिवशी सकाळीच ती समोरच्या काकूंच्या कुंडीतल्या जास्वंदीचंही एक पान घेऊन आली होती. दोन्ही पानं तिने टेबलावर उलटी ठेवली, नेलपेंटचा हात दिला, पुठ्ठ्याने वारा घातला. मालिनीबाईंनी गवारीचं ताट बाजूला सरकवून तिला जागा करून दिली. घड्याळात अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

ओवीने चिकटपट्टी दाबली आणि ओढली.

चर्र.

विष्णुपंत खुर्चीवरून उठले. टीपॉयला गुडघा लागून तेलाची बाटली कलंडली आणि फरशीवर पसरू लागली. त्यांनी ते पाहिलं नाही.

"काय झालं, बाबा?" देवदत्तने विचारलं.

ओवीने दुसरी पट्टी ओढली. चर्र. विष्णुपंत बाथरूमकडे गेले. दार अर्धवट उघडं राहिलं होतं आणि हॉलमध्ये स्पष्ट ऐकू आलं. "एक. दोन. तीन. चार." मध्ये थांबले, मग पहिल्यापासून. "एक. दोन."

"सकाळी मोजल्या ना त्यांनी?" माधवी देवदत्तला हळूच म्हणाली. देवदत्तने खांदे उडवले आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन तेल टिपायला खाली वाकला.

"आजी, बघ ना."

मालिनीबाईंनी नळीला डोळा लावला. जास्वंदीची रंध्रं नीट उमटली होती, काही उघडी, काही अर्धी मिटलेली, जिवंत. मग ओवीने काच बदलली. अनंताच्या ठशात काहीच नव्हतं. नेलपेंट धरलंच नव्हतं, तेलाचे गोल गोल डाग एकमेकांत मिसळून गेले होते. एका कडेला मात्र पाच-सहा रंध्रं दिसत होती. त्यांच्या दोन्ही राखणदार पेशी आपापल्या जागी होत्या आणि मधली फट बुजलेली होती. बाहेरून कोणीतरी मायेने, बोळ्याने, दाबून बुजवलेली.

"असं किती पानांचं झालं असेल?" ओवीने विचारलं.

"हात पोचला तेवढ्या सगळ्यांचं. वरचा शेंडा राहिलाय. साबणाचं पातळ पाणी करून खालची पानं पुसून घे. जगेल."

"म्हणजे तुला माहीत होतं? तेल लावलं की गुदमरतं म्हणून?"

"हो."

"दोन महिने बघत होतीस?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?" ओवीच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच समजत नव्हतं. "एवढंच म्हणायचं होतं ना, अहो, नका लावू. आजोबा ओरडले असते का?"

"नाही. ओरडले नसते."

"मग?"

बाथरूममध्ये पाणी पडायला लागलं होतं. साडेअकरा. मालिनीबाई नेहमीसारख्या उठल्या आणि दारापर्यंत गेल्या. विष्णुपंत खिडकीपाशी उभे होते, बोट सातव्या पट्टीवर. नळ बंद होता. बादली कोरडी. त्यांनी वळून बायकोकडे पाहिलं आणि विचारलं, "तुलाही येतं ऐकू?"

मालिनीबाईंनी चौकट धरली. आठ वर्षं त्यांना वाटत होतं, की पाणी त्यांच्या एकटीसाठी पडतं.

"तुम्ही पट्ट्या मोजता ते मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पाण्याचं नव्हतं माहीत."

"मी आवाजासाठीच येतो. मोजायचं आपलं निमित्त." विष्णुपंतांनी बोट खाली घेतलं. सत्तरीकडे आलेल्या माणसाचा हात एकदम जड झाल्यासारखा लोंबला. "मोजल्या की थांबतं."

"बाळाजी भेटला होता मला. बल्ब आणायला गेले तेव्हा."

खिडकीभोवती गेल्या पावसाळ्यातल्या चौकोनाच्या दोन कडा अजून दिसत होत्या.

"तो अजून गिझर खोलून बघतो," मालिनीबाई म्हणाल्या. "मनातल्या मनात. त्याला चूक सापडत नाही."

जेवायला सगळे एकत्र बसले, रविवार होता म्हणून. गवारीची भाजी, आमटी, कोशिंबीर. ओवीने खालची सगळी पानं साबणाच्या पाण्याने पुसली होती आणि तिचा मूड परत आला होता. देवदत्तने विषय काढला, की गॅलरीला काच बसवून टाकू, धूळ नको आणि वास नको, एसी पण लावता येईल. माणूस बुधवारी मापं घ्यायला येतोय.

"आणि अनंत?" ओवी म्हणाली.

"अनंत आत राहील की. सेफ."

"पप्पा, आत नाही चालत त्याला."

"काच नको," मालिनीबाई म्हणाल्या.

"आई, तुमच्याच छातीसाठी म्हणतोय तो," माधवी म्हणाली.

"माहीत आहे. सगळं छातीसाठीच असतं." मालिनीबाईंनी विष्णुपंतांच्या पानात आमटी वाढली, मग स्वतःच्या. पळी पातेल्यात ठेवली. "उद्या सकाळी मी कॅम्प चारला जाणार आहे. बाळाजीकडे. किर्तीच्या वेळचा गिझरवाला."

देवदत्तचा घास हातातच राहिला. "त्या माणसाकडे? कशाला?"

"त्याला सांगायला, की खिडकी बंद होती. प्लास्टिक लावून, टेप मारून मी बंद केली होती. त्याच्या गिझरमध्ये काही चूक नव्हती."

"आई, काय बोलतेस? खिडकी उघडी होती. बाबांनी स्वतः..." देवदत्तने वडिलांकडे पाहिलं. विष्णुपंत आमटीत भात कालवत होते, पुन्हा पुन्हा, त्याच जागी.

"मालिनी," ते हळूच म्हणाले.

"तुमचं तुम्ही सांगा. माझं मी सांगणार. त्याच्या मुलीला पण बोलावून घेईन, तिच्यासमोर सांगायचंय. जिथे सही करायला लागेल तिथे करीन." त्यांनी ओवीपुढे कोशिंबिरीची वाटी सरकवली. "रिक्षा पावणेदहाला खाली येईल. तुम्हाला यायचं असेल तर तयार राहा. माधवी, कुकर तू लाव. जेवायला माझी वाट बघू नका."